पाच मिनिटांची गुलबक्षी

“माहीत असून हात घातलास, बाई! माझ्या मांडवात, माझ्या पोरीच्या लग्नात, माहीत असून!”

गिरीजचे ते केळीचे बागायतदार आमच्या दवाखान्याच्या ओटीवर उभे राहून असे ओरडत होते, की समोरच्या चिंचेवरचे कावळे उठले ते थेट अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसले. अर्नाळा मी माझ्या पदरचा घातला. कावळे उठले हे मात्र खरं.

त्यांच्यासमोर ती उभी होती. पन्नाशीची विधवा, अंगानं काटकुळी, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढलेला. गिरीज-सांडोरकडे वाड्यावाड्यांतून लग्नकार्याचा स्वयंपाक तीच करायची. बागायतदारांच्या मुलीच्या लग्नालाही तीच होती. त्या लग्नाला आता तीन आठवडे होऊन गेले होते आणि पंगतीला जेवलेल्यांपैकी नऊ जण विषमज्वरानं अंथरुणावर होते. त्यात नवरीची धाकटी बहीण होती. ती पोर तापात बापालाच ओळखेना, म्हणून बापाचा हा आवाज. कालपर्यंत अख्खं गिरीज त्या स्वयंपाकीणबाईंना काकी म्हणायचं. त्या दिवशी ती एकदम ‘बाई’ झाली.

“तपासून घेतलं होतं मी,” ती म्हणाली. “मांडव घालायच्या आधी. कागद आहे.”

कमरेचा कागद तिनं काढला. चौघडी घातलेला, कडेला हळदीची बोटं लागलेला. बागायतदारांनी तो उघडून वाचला आणि माझ्या नावानं हाक मारली.

मी पडद्याआड होतो. सगळं ऐकत होतो. बाहेर आलो.

“हे तुझं अक्षर?”

अक्षर माझंच होतं. ‘ताप देणारा जंतू नाही. निर्धास्त असावे.’ त्यातलं ‘निर्धास्त असावे’ हे शास्त्रात बसत नाही. ते मी आपणहून घातलेलं, दिवाळीच्या पत्रात घालावं तसं.

आता दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, होय माझं, आणि कुठं चुकलं ते बघतो. पण माझी जीभ जन्मापासून माझ्या दोन पावलं पुढे चालते.

“अक्षर माझंच, काका,” मी म्हणालो. “नळी काही खोटं बोलत नाही. पण डबीत कोणाचं काय भरून आणलं होतं, ते मी थोडंच बघायला गेलो होतो?”

ओटीवरच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, “दुसऱ्याचंच आणलं असणार!” ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन बागायतदारांच्या हातातला कागद घेतला, पुन्हा चौघडी घातली, कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरून गेली. ती रस्त्याला लागेपर्यंत ‘असणार’चं ‘होतं’ झालेलं होतं.

हे झालं स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी. मी तेव्हा वसईत एका डॉक्टरांकडे जंतू तपासणारा म्हणून कामाला होतो. मुंबईत सहा महिने शिकून आलो, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरे चार, आणि त्यातले दोन नळ्या धुण्यात गेले. दवाखान्यामागच्या एका खोलीला मी ‘लॅबोरेटरी’ म्हणायचो. त्या खोलीत एक टेबल, जंतू बघायची एक दुर्बीण, आणि जंतूंना ऊब द्यायला कंदील लावलेली लाकडी पेटी. गावात मात्र मी सांगायचो की आमच्या पेटीत एका रात्रीत इतके जंतू उबतात, की एकेकाला टोपी घालायची म्हटली तर विरारपर्यंतचे शिंपी पुरायचे नाहीत.

आमचे डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांच्याकडे परदेशातून मासिकं यायची. त्यातून त्यांनी एक नवी तपासणी उचलली आणि मला शिकवली. ती काय ते सांगितल्याशिवाय माझी लाज तुम्हाला कळायची नाही, म्हणून सांगतो.

आजाऱ्याच्या शौचाचा कण काचेच्या बशीतल्या गोठवलेल्या थरावर सारवायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचा. सकाळी बशीवर ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूचं भरलेलं गोकुळ. आतड्यात जे नेहमीचे गरीब जंतू राहतात, त्यांचे ठिपके लाल. त्यांना नमस्कार करून सोडून द्यायचं. फिका ठिपका दिसला की मात्र थांबायचं. कारण विषमज्वराच्या जंतूचा ठिपका फिका, आणि त्याच्या एका तोतयाचाही फिकाच. हा तोतया उकिरड्यावर, सांडपाण्यात, कुठंही सापडतो आणि त्याच्यानं विषमज्वर येत नाही. दिसायला दोघे जुळे भाऊ. त्यांना वेगळं करायला पूर्वी तऱ्हेतऱ्हेच्या साखरांच्या नळ्या लावून दिवसचे दिवस बसावं लागे.

नवी युक्ती एन्झाइमची. गावातल्या लोकांना मी सांगायचो, “एन्झाइम म्हणजे जंतूच्या पोटातला आचारी.” तोतयाच्या पोटात असा एक आचारी असतो, जो युरिया शिजवून त्याचा अमोनिया करतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो, तोच अमोनिया. विषमज्वराच्या जंतूकडे हा आचारी नाही. तेव्हा युरियाच्या पिवळट पाण्याची बारीक नळी घ्यायची, फिका ठिपका तारेनं उचलून तीत कालवायचा आणि बघत बसायचं. अमोनिया सुटला की पाणी पिवळ्याचं गुलबक्षी होतं. गुलबक्षी झालं की तोतया, सुटलो. पिवळंच राहिलं तर संशय कायम, पुढे मुंबईला पाठवायचं.

याला लागायचा तास. कधी दोन. डॉक्टर म्हणाले, “घाई करायची नाही. आणि प्रत्येक वेळी शेजारी एक नळी बिनजंतूची ठेवायची. तीही तश्शीच हलवायची. ती पिवळी राहिली तरच दुसरीवर विश्वास.”

पण दिवसांचं काम तासावर आलं, हे कळल्यावर माझ्या तोंडाला कोण आवरणार? घोडागाडीच्या अड्ड्यावर मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तासाचा अर्धा तास केला. बाजारात त्याचा पाव तास झाला. चर्चच्या सणाला भरलेल्या जत्रेत एक पाद्री ऐकायला थांबले, तेव्हा दहा मिनिटं. शेवटी मी पाच मिनिटांवर येऊन स्थिरावलो. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, “काय, पाच मिनिटवाले?” मला ते आवडायचं.

ती आली त्या दिवसांत डॉक्टर लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेले होते. जाण्याआधी तिनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगून ठेवलं होतं, की तपासून घे, तीन दिवस तीन नमुने दे. त्या वर्षी ती जिथं कार्याला गेली, त्यातल्या दोन घरांत मागाहून ताप आला होता. तिला तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. तिनंच जोडून पाहिलं, आणि तीच आपल्या पायांनी आली. हे मी दोनदा सांगतो. तिला कोणी पाठवलं नव्हतं. लग्न आठवड्यावर होतं आणि त्या आधी तिला जाणून घ्यायचं होतं की आपल्या हातात काही आहे का.

डबी देऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. घरची बोली बाजूला ठेवून ती माझ्याशी शाळेतल्यासारखं जपून बोलायची. आणि मला डॉक्टर म्हणायची. मी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही.

“तीन दिवस यायचं ना, डॉक्टर?”

“ती जुनी पद्धत, मावशी. आता बसा इथं. तुमच्या डोळ्यांसमोर करतो.”

नुकताच मी विडा जमवला होता. सांडोरचं कोवळं पान, वर चुना. चुनाळं टेबलावर, युरियाच्या बाटलीशेजारीच असायचं. चुना मी अंगठ्यानं लावायचो. विडा गालात सारला, हात धोतराला पुसला. पुसला असं म्हणतो, कारण पुसायची सवय होती. पुसला गेला की नाही, हे बघायची नव्हती.

बशीवर चार-पाच फिके ठिपके होते. त्यांतला एक तारेनं उचलून नळीत घातला. नळीला रबराचं बूच लावून हलवायचं असतं. बूच खणात होतं आणि खण दोन पावलांवर. बिनजंतूची नळी ठेवायची तर आणखी एक नळी धुवावी लागणार. मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि खळाखळा हलवली.

अंगठा उचलायच्या आधीच पाणी गुलबक्षी झालं.

तुम्हाला सांगतो, तोवर मी अशी नळी पाहिली नव्हती. खरा तोतया रंग आणतो तो हळूहळू, लाजत लाजत, सकाळ उजळावी तसा. हा रंग म्हणजे कोणी शाई ओतावी तसा. तिथंच माझ्या मनात काहीतरी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. खटकेल कसं? वर्षभर मी गावाला पाच मिनिटं सांगत होतो, आणि आज नळीच माझ्या थापेच्या पुढे धावली होती. मला वाटलं, बघा, मीच कमी सांगत होतो!

“झालं,” मी म्हणालो.

“इतक्यात?”

“इतक्यात. तुमच्यात काही नाही, मावशी.”

ती उठली नाही. नळीकडे बघत बसली. मग म्हणाली, “डाळ-भाताचं काही नाही हो. ते उकळतं. पण शिकरण हातानं कुस्करावं लागतं. शिकरणाला चूल नसते. म्हणून पुन्हा विचारते.”

तिच्या हातचं शिकरण म्हणजे काय होतं, हे ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पळीनं, रवीनं केलेलं शिकरण वेगळं. ही दूध घातलेल्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि केळं असं विरवायची की गुठळी शोधणाऱ्याला बक्षीस लावावं. आमच्याकडच्या लग्नात जावई रुसला तर म्हणत, थांबा, शिकरण येऊ दे.

“खुशाल कुस्करा,” मी म्हणालो. “गव्हर्नर जेवायला आला तरी खुशाल कुस्करा. लिहून देतो.”

आणि लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती सुकेळी घेऊन आली. केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेली, घरी उन्हात सुकवलेली, मधासारखी. “मनावरचं ओझं उतरवलंत,” म्हणाली. मी ती सगळी एका बैठकीत खाल्ली. दातांत अडकलेली संध्याकाळपर्यंत चघळत होतो.

लग्नाला मीही गेलो. शिकरण तीनदा घेतलं. मला काही झालं नाही, कारण जंतूंत काम करायचं म्हणून डॉक्टरांनी मला आधीच लस टोचलेली होती.

ओटीवरच्या त्या सकाळी डॉक्टर आजाऱ्यांना बघायला गिरीजलाच गेले होते. दुपारी परत आले. ओटीवर काय झालं ते त्यांना रस्त्यातच कळलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी एखादी गोष्ट रचून वेळ मारून नेली असती. ते टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “त्या दिवशी केलंस तसं कर. अगदी तसंच.”

मी विडा लावला. डॉक्टरांसमोर कधी लावत नसे, पण ते म्हणाले तसंच, म्हणून लावला. नळी घेतली. तारेला हात घातला तर म्हणाले, “जंतू नको.”

“नको?”

“नुसती नळी हलव.”

अंगठा दाबला. हलवली. गुलबक्षी!

जंतू नाही, आचारी नाही, काही नाही, आणि तरी गुलबक्षी. डॉक्टरांनी बाटलीतलं पिवळं पाणी थेंबभर घेतलं, माझा हात टेबलावर उताणा ठेवला आणि तो थेंब माझ्या अंगठ्यावर सोडला. अंगठ्याच्या रेषारेषांतून गुलबक्षी रंग पसरत गेला. ते पाणी फक्त अमोनियानं बदलतं असं थोडंच आहे? चुन्यानंही बदलतं. हे मला शिकवलेलं होतं. मी ते एकदा परीक्षेत लिहिलंही होतं.

डॉक्टरांनी ती नळी रिकामी करून ठेवली. मग म्हणाले, “तिचे नमुने मी स्वतः घेतो आणि मुंबईला पाठवतो. तू उद्या गिरीजला जाऊन सांग. बागायतदारांना सांग आणि तिलाही सांग. नमुना तिचाच होता, चूक आपली होती.”

‘तुझी’ म्हणाले नाहीत. ‘आपली’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घोडागाडीनं गिरीजच्या वाटेला लागलो. अर्ध्यावर उतरलो, एका विहिरीच्या काठावर दुपारपर्यंत बसलो आणि चालत परत आलो. “सांगितलंस?” डॉक्टरांनी विचारलं. “सांगितलं,” मी म्हणालो. माझ्या हजारो थापांत ही सर्वांत लहान. एका शब्दाची.

मुंबईचा निकाल आला. जंतू तिच्यात होता. तिला स्वतःला कधी ताप आल्याचं आठवत नव्हतं, पण जंतू होता. डॉक्टरांनी तिला समजावलं की शिजवलेल्याला भिऊ नको, पण न शिजणाऱ्याला हात लावू नको. ते समजावणं फुकट गेलं, कारण तिला आता शिजवायलाही कोणी बोलवेना. तापाचा राग लोक विसरले असते. आजारी पडलेले नऊही जण बरे झाले. नवरीची बहीण दोन महिन्यांनी उठली, केस गेले तेवढे. पण तिनं दुसऱ्याची डबी आणून फसवलं, हे कोणी विसरेना. तापाला माणूस जबाबदार नसतो, लबाडीला असतो. आणि ती लबाडी ओटीवर उभं राहून मी तिच्या पदरात टाकली होती. ती गिरीज सोडून सांडोरला भावाच्या वाडीत राहायला गेल्याचं मी ऐकलं.

वर्षभरानं गिरीजमध्येच त्याच बागायतदारांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मलाही आमंत्रण. पंगत बसली. माझ्यापासून चार पानांवर एक जण गोष्ट सांगत होता, आणि दोन वाक्यांत मला कळलं की कुठली. त्या गोष्टीत स्वयंपाकीण डबीत नणंदेचा नमुना आणते. मग दुसरा म्हणाला, नणंदेचा कुठला, वासराचा! पंगत फुटली हसण्यानं. वासराचं ऐकून मीच क्षणभर मनात म्हणालो, वा! एवढी वाढवलेली गोष्ट माझ्याशिवाय दुसऱ्याला जमली होती. आणि मग मी ती ओळखली. ती माझीच होती. मी पेरलेली, फक्त पाणी त्यांनी घातलेलं.

मी पानावरून उठून उभा राहिलो.

“खोटं आहे हे,” मी म्हणालो. “डबी तिचीच होती. नमुना तिचाच होता. माझ्या अंगठ्याला चुना होता. विड्याचा चुना. त्यानं पाणी गुलबक्षी झालं. मी पाच मिनिटंही थांबलो नाही.”

पंगतीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग असा काही हशा उठला की मांडवाचं कापड हललं. हे वाढवून सांगत नाही. “विड्याचा चुना!” एक जण डोळे पुसत म्हणाला. “पाच मिनिटवाले, आज तुम्ही हद्द केलीत!” बागायतदार स्वतः हातात वाढपाचं भांडं घेऊन आले, माझ्या पाठीवर थाप मारली. “बस रे बस, जेव आधी. सगळ्या गावाला हसवायचं आणि उपाशी राहायचं!” मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तर बायकांच्या पंगतीतूनही हसू आलं. मी बसलो. पानात कोणीतरी शिकरण वाढलं, गुठळ्या-गुठळ्यांचं, आणि मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडोरला गेलो. या वेळी विहिरीपाशी उतरलो नाही. भावाच्या वाडीत पानवेलींच्या सावलीला ती विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसली होती. मला बघून उठली नाही. पुढ्यातली टोपली तेवढी बाजूला सरकवली, मला बसता यावं म्हणून.

सुरुवात मी माझ्या पद्धतीनं केली. “मावशी, लाखात एकदा, काय असतं ना, या शास्त्रात असा एक चमत्कार…” ती जुडी बांधत होती. बोटं थांबेनात. माझी वाक्यं तिच्या बोटांवरून घसरून मातीत पडत होती. चमत्कार संपला. मग मी सगळं सरळ सांगितलं. बूच खणात होतं हे सांगितलं. बिनजंतूची नळी ठेवली नाही हे सांगितलं. नमुना तिचाच आहे हे मला ओटीवर बोलतानाही ठाऊक होतं, हेही सांगितलं. डॉक्टरांनी पाठवलं होतं आणि मी आलो नव्हतो. काल पंगतीत सांगितलं, तर कोणी खरं मानलं नाही.

“माझ्या अंगठ्याला चुना होता, मावशी. रंग त्याचा होता.”

तिनं जुडीला सोपटाची गाठ मारली, दातांनी टोक तोडलं, जुडी टोपलीत टाकली आणि दुसरी पानं उचलली.

“चुना दिसला होता मला,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्यात घालत असतील.”